संगू, तुला कावीळ नव्हती

संगू,

तू गेलीस, आणि तुझ्या जलदानाच्या दिवशी लोकांनी माईक माझ्या हातात दिला. मंडपात अख्खी वस्ती होती, किनवटकडचे माझे सासरचे लोक होते, तुझ्या शिकवणीची पोरं अगदी पुढे मांडी घालून बसली होती. बुद्धवंदना झाली, दोघा-तिघांनी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलून घेतले, आणि मग सगळे म्हणाले, विनोद, तू भाऊ आहेस, तू बोल. मी उभा राहिलो. घसा साफ केला आणि म्हणालो, "माह्या बहिणीले लहानपणापासून काविळीचा त्रास होता."

एवढं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाला दुःख आवरेना. एका काकांनी पाठीवरून हात फिरवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, कारण मला रडू आलेलं नव्हतं. मला माझीच किळस आली होती. तू गेल्यानंतरसुद्धा मी तेच केलं होतं. आता कोणाला भ्यायचं होतं मला? लग्न होऊन वर्ष झालं. तुझं तर काहीच राखायचं उरलं नव्हतं. तरी तोंड उघडलं आणि तोच शब्द बाहेर पडला.

तुला आठवतं का, हा शब्द आपल्या घरात कधी आला ते? तू चौथीत होतीस. शाळेत दवाखान्याची गाडी आली, सगळ्या पोरांच्या बोटाला सुई टोचली, आणि पंधरा दिवसांनी बाबांना आदिलाबादला बोलावणं आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पोरीला सिकलसेल आहे, रक्तातलाच आजार आहे, आईबापाकडून येतो, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. बाबा मास्तर माणूस. वस्तीत कोणी अंगात आलं म्हणून घुमायला लागला तर त्याला उभा करून विज्ञान शिकवणारे. त्या बाबांनी तो कागद चार घड्या घालून ट्रंकेत तळाशी ठेवला. माय म्हणाली, "डोये पिवये हायेत न तिचे? मंग कावीळच सांगा लोकायले. उद्या पोरीचं लगन कराचं हाय, पोराचं कराचं हाय."

तुझे डोळे पिवळट होतेच, त्यामुळे खोटं फार शोभून दिसलं. आणि ते आणखी शोभावं म्हणून तुला तामसीकडच्या एका बाबाकडे कावीळ उतरवायला नेलं. त्याने काड्यांची माळ गळ्यात घातली. जशी कावीळ उतरेल तशी माळ लांबेल, म्हणाला. तू आठवडाभर ती माळ घालून हिंडलीस. एकदा शाळेच्या वाटेवर मला विचारलंस, "दादा, माळ लंबी नाही झाली तं लोकायले समजन का रे?" नऊ वर्षांची होतीस तू. मी तेव्हा हसलो होतो. रोज सकाळी मीच ती माळ हळूच ओढून थोडी सैल करत असे, आणि मला वाटायचं, मी बहिणीसाठी केवढं करतो.

बाबा गेले आणि घराचा कर्ता मी झालो. कर्ता म्हणजे काय, तर ट्रंकेची किल्ली माझ्याकडे आली.

तू मला काय काय दिलंस हे सांगायला बसलो तर आधी तेलुगू येईल. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतला, तू सहावीपासून तेलुगू शाळेत. आपल्या आदिलाबादकडे नोकरीची परीक्षा द्यायची तर तेलुगू हवी, आणि मला ती जिलबीसारखी अक्षरं बघून घाम फुटायचा. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण पाटी घेऊन माझ्यासमोर बसायचीस आणि चुकलो की कानाला हात लावायला लावायचीस. मी मोरीत आंघोळ करत असताना दाराबाहेरून सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायचीस. उत्तर चुकलं की म्हणायचीस, "टावेल नाही देत जाय." मंडल ऑफिसात मी ज्युनियर असिस्टंट म्हणून लागलो ते तुझ्या जिवावर. पुढे ऑफिसात माझं नाव झालं. कोणाची दरखास्त लिहायची असली, कुठला फेटाळलेला अर्ज पुन्हा उभा करायचा असला, की साहेबसुद्धा म्हणायचे, विनोदला द्या. मी मिशीतल्या मिशीत हसायचो. आपल्या हातची दरखास्त कधी परत येत नाही, असं चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगायचो.

आणि तू हैदराबादला एमएस्सीला गेलीस, वनस्पतीशास्त्राला. आपल्या वस्तीतून एवढ्या लांब शिकायला गेलेली पहिली पोरगी. तुझा विषयही असा की मायला कोणाला सांगताच येईना. "गवत शिकते," म्हणायची. खरंच तू गवत शिकत होतीस. बेज्जूरच्या जंगलातून प्राणहितेच्या काठापर्यंत जाऊन गवतं गोळा करायचीस, वर्तमानपत्रात दाबून ठेवायचीस. एकदा मला सोबत नेलंस. मी काठावर बसून मोबाईल बघत होतो आणि तू चिखलात गुडघाभर उतरून ओरडत होतीस, "दादा, हे पाय, हे मले पुस्तकात नाही सापडलं!" मी मान वर न करता "वा वा" म्हणालो. ते गवत कोणतं होतं ते मी नंतरही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षाला तू नोव्हेंबरात घरी आलीस ती चार दिवसांसाठी. आदिलाबादची थंडी तुला कधीच मानवली नाही. तिसऱ्या दिवशी खुब्यात दुखणं सुरू झालं, मग छातीत, मग पाठीत. तू उशी दातात धरायचीस. सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, घरी आणलं, पुन्हा नेलं. हजेरी गेली, प्रॅक्टिकलं गेली, शेवटी परीक्षाही गेली. तू मार्चमध्ये भिंतीला धरून चालायला लागलीस आणि पहिली गोष्ट बोललीस ती ही, "मी हे वर्ष परत करतो, दादा. अर्ज लिहू."

मी म्हणालो, तू कशाला लिहितेस? मी कशाला आहे?

आता ऐक, मी काय केलं ते. तुला अर्धं माहीत आहे, पण मला सगळं एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. आमच्या ऑफिसात कोणालाही रजा हवी असली की काविळीचं सर्टिफिकेट येतं. भाचीचं लग्न असो की कापूस वेचायचा असो, सगळे काविळीने आजारी. तसं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर ठरलेला, शिक्का ठरलेला, मुदत ठरलेली, पंधरा दिवस. साहेब त्यावर न वाचता सही करतात. मला वाटलं, सगळं जग आमच्या ऑफिससारखंच चालतं. दवाखान्याची जाडजूड खरी फाईल घरात पडली होती, आणि मी विद्यापीठाला पाठवलं ते पंधरा दिवसांच्या काविळीचं सर्टिफिकेट.

नकार आला. साधा चार ओळींचा होता. विद्यार्थिनी चार महिने गैरहजर, सर्टिफिकेट पंधरा दिवसांचं, सबब वर्ष पुन्हा करण्याची परवानगी देता येत नाही. तीस दिवसांत अपील करता येईल. अपील फेटाळलं गेल्यास प्रवेश रद्द समजावा.

तू ते पत्र वाचलंस, आणि मला वाटलं तू चिडशील. तू उलट खूश झालीस. म्हणालीस, "बरं झालं दादा, त्यायनं कारणच सांगून टाकलं. आता खरी फाईल लावू. संपलं."

त्याच आठवड्यात किनवटहून माझी सोयरीक आली होती. मुलगी डीएड, खाजगी शाळेत शिकवणारी, घर चांगलं, माणसं शिकलेली. मी तेहेतीस वर्षांचा. दोन ठिकाणी मोडलेलं. मला वाटत होतं, तिकडे कळलं की बहिणीला सिकलसेल आहे, तर पहिला प्रश्न येणार, पोराचं रक्त तपासलं का? आणि मी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं तेव्हापासून कधीच तपासलं नव्हतं, कारण तपासलं तर कळलं असतं.

"विद्यापीठातला कागद किनवटले कसा जाईन?" तू विचारलंस.

मी म्हणालो, "तुह्या कालेजात किनवट-माहूरच्या पोरी किती हायेत? एकीनं आयकलं की झालं."

"मंग आयकू दे न. आजार हाय, चोरी थोडी केली मी?"

"लगन होऊ दे, संगे. मंग तू पेपरात छाप."

"तीस दिवसात होते का तुहं लगन?"

मी आवाज चढवला. बाबा असते तर काय म्हणाले असते, मायची काय अवस्था होईल, मी या घरासाठी काय काय केलं, सगळं काढलं. तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. दुसऱ्या दिवशी मी अपील लिहायला बसलो. कावीळ उलटली, वाढली, अशक्तपणा आला, असं भलंमोठं रचलं. तेलुगूत लिहीत होतो, तू शिकवलेल्या तेलुगूत. मध्येच अडलो आणि तुला विचारलं, "कामेर्लु कसं लिवते व?" कामेर्लु म्हणजे कावीळ. तू उठून आलीस, माझ्या हातातून पेन घेतलं आणि तो शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून दिलास. मग खाली सही केलीस. मी म्हणालो, आता बघ, माझी दरखास्त परत येत नाही.

अपिलाची पेशी जूनमध्ये लागली. आपण सुनावणीला बसने हैदराबादला गेलो. तुझ्या खुब्यातलं दुखणं पुरतं गेलं नव्हतं. तू प्रत्येक थांब्यावर उतरून दोन पावलं चालायचीस आणि मला म्हणायचीस, बस, काही नाही. खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. मधे एक मॅडम, वयस्कर, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझं अपील पूर्ण वाचलं. आमच्या ऑफिसात एवढं वाचतं कोणी? त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुला विचारलं, "एमैंदम्मा नीकु?" काय झालं गं तुला? असं एखाद्या मावशीने विचारावं तसं.

तू बोलायच्या आत मी बोललो. कावीळ, मॅडम, फार वाढली होती.

मॅडमनी चष्मा काढला. तेलुगूत सावकाश म्हणाल्या की काविळीला चार महिने लागत नाहीत. जुना, कायमचा आजार असेल तर वर्ष पुन्हा करायची नियमात सोय आहे, काविळीसाठी नाही. मला या मुलीचे पहिल्या वर्षाचे मार्क दिसताहेत, आणि मला तिला घरी पाठवायचं नाही. दुसरं काही असेल तर आज सांगा. बाहेर जा, दहा मिनिटं बोला, आणि या.

ती दहा मिनिटं. दीड वर्ष झालं, मी अजून त्या व्हरांड्यातच आहे. बाक होता, पाण्याचं मशीन होतं, भिंतीवर कसल्याशा नोटिसा होत्या. तू पिशवीची चेन उघडलीस आणि मला आत दाखवलंस. दवाखान्याची फाईल. तू ती मला न सांगता घेऊन आली होतीस.

"दादा, सांगू का?"

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं, निदान तू माझ्याशी भांडली असतीस. मी नोटिसा वाचत राहिलो आणि म्हणालो, "मी काय सांगू? तुहं वर्ष हाय. तुले वाटते तसं कर."

"तू सांग न."

"माहं काय, तुटलं तं तुटलं. मायले मी सांगीन समजावून का सोयरीक मोडली म्हून. तिची तब्बेत तं तू पाहूनच राह्यली."

मग मी पाणी प्यायला गेलो. मुद्दामच गेलो. परत आलो तेव्हा तू पिशवीची चेन लावली होतीस. "चाल," म्हणालीस. आत जाऊन तू उभी राहिलीस, मॅडमच्या डोळ्याला डोळा दिलास आणि म्हणालीस, "कामेर्लु, मॅडम." मग त्यांनी कागद बाजूला सरकवला.

त्या दिवसापासून मी मनाची समजूत घालत आलो की निर्णय तुझा होता. मी तर तुला मोकळीक दिली होती. ऑफिसात मी हे रोज बघतो, साहेबाला नको असलेलं काम कसं दुसऱ्याच्या सहीने नाकारलं जातं. ती युक्ती मी माझ्या बहिणीवर वापरली.

परत येताना बसमध्ये तू माझ्या शालीत गुरफटून बसलीस. निर्मल मागे पडल्यावर एकदाच बोललीस, "त्या मॅडम चांगल्या होत्या रे." मी म्हणालो, हो. तेवढंच.

अपील फेटाळल्याचं पत्र आलं. त्याच्या खाली एक ओळ होती, नव्वद दिवसांत कुलगुरूंकडे फेरविचारासाठी अर्ज करता येईल. तू बोट ठेवून दाखवलीस. साखरपुडा झाला होता. मी म्हणालो, लग्नाची तारीख निघू दे. तारीख निघाली. मी म्हणालो, पत्रिका वाटून होऊ दे. तू दोनदा आठवण केलीस, तिसऱ्यांदा केली नाहीस. नव्वद दिवस कधी संपले ते मला नेमकं माहीत आहे, कारण मी ते मोजत होतो. संपले तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीत माझं लग्न झालं. तू हिरवी साडी नेसून सगळ्यांच्या पुढे नाचलीस. खुबा दुखत होता तरी नाचलीस. दुसऱ्या दिवशीपासून घरी दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायला लागलीस. कोणी विचारलं, एमएस्सीचं काय झालं, तर म्हणायचीस, "कंटाळा आला गवताचा." माझ्या बायकोशी, सुनंदाशी, तुझं गूळपीठ जमलं. दोघी ओट्यावर बसून काय खुसखुसायच्या कोण जाणे, मी आलो की गप्प. मला वाटायचं, माझीच टिंगल चालली असेल.

तू माझ्याशी कधी वाईट वागली नाहीस. हेच मला सगळ्यात जड जातं. अबोला धरला असतास, जेवताना दोन शब्द लावून बोलली असतीस, तर माझंही काही फिटलं असतं. तू तशीच राहिलीस, माझ्या ऑफिसच्या पत्रातली तेलुगू तपासत, माझ्या टकलावर हसत.

आणि ही थंडी. रात्रीचा ताप सकाळी छातीत उतरला, तुला श्वास पुरेना. दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, जुना आजार काही? आणि मी ताबडतोब म्हणालो, सिकलसेल, लहानपणापासून. जन्मात पहिल्यांदा. किती सोपं होतं गं ते. त्या डॉक्टरने नुसती मान हलवली आणि लिहून घेतलं, आभाळ कोसळलं नाही. तोंडावर मास्क असताना तू माझ्याकडे वळून पाहिलंस. तू ऐकलंस, एवढं मला कळलं. मी औषधं आणायला खाली गेलो. त्या नजरेत काय होतं, हे परत येऊन विचारेन असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

आणि त्यानंतर मी मंडपात उभा राहून पुन्हा कावीळ म्हणालो. परक्या डॉक्टरपुढे जमलं ते आपल्या माणसांपुढे जमलं नाही.

जलदानानंतर चौथ्या दिवशी, मंगळवारी, पाहुणे गेले. माय तिच्या बहिणीकडे दोन दिवस गेली होती. दुपारची वेळ. सुनंदाने माळ्यावरून तुझ्या गवतांचे गठ्ठे काढायला लावले आणि अंगणात खाटेवर ती एकेक वर्तमानपत्र उघडून ऊन दाखवत होती. कसर लागेल म्हणाली. तिला पाचवा महिना आहे, तुला माहीत आहे. मी तिच्याजवळ बसलो. एकेका गवताखाली तुझ्या बारीक अक्षरात नाव, गाव, नदीपासून किती पावलं, सगळं लिहिलेलं होतं. मग मी म्हणालो, "सुनंदा, संगूले कावीळ नोती."

तिने हातातला कागद उलटला. म्हणाली, "मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"सिकलसेल. लगनाच्या आंदीपासून मालूम हाय. हैदराबादच्या पेशीवरून आल्यावर ताईनं फोन केलता मले. म्हने, आमच्या घरात हा आजार हाय, दादानं रगत तपासलं नाही, अन् तो तपासनार बी नाही. तुमी तपासून घ्या, मंग ठरवा. मी किनवटच्या दवाखान्यात तपासलं. माह्यात काही नाही निंगालं, म्हून लेकराले हा आजार होनार नाही म्हने डाक्टर. बाबाले सांगतलं. ते म्हने, तुहं तू पाय. मी हो म्हनलं."

म्हणजे माझा सासरा मंडपात बसून माझं भाषण ऐकत होता, आणि त्याला माहीत होतं. म्हणजे मी जे झाकायला तुझं वर्ष घालवलं, ते त्यांनी बघून, तपासून, समजून घेऊन मला मुलगी दिली होती. ती फाईल टेबलावर ठेवली असती तरी हे लग्न झालंच असतं. तू आज एमएस्सी असतीस.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. त्याही वेळी मला राग करायला कोणीतरी हवं होतं.

सुनंदाने पुढचं वर्तमानपत्र उघडलं. म्हणाली, "ताई नको म्हने. म्हने, दादा सोताहून सांगन तुमाले. त्याले थोडा टाइम लागते, पन सांगन. तोवर तुमी काई इचारू नका. अन् मंग पंधरा दिवसाले एकदा मले इचारे, सांगतलं का वहिनी दादानं?"

तर ओट्यावरची खुसखुस ती होती.

"दवाखान्यातबी इचारलं," सुनंदा म्हणाली. "तुमी औषधं आनाले खाली गेलते तवा. मास्क बाजूले केला अन् इचारलं."

"तू काय म्हनली?"

"खोटं कशी बोलू? नाही म्हनलं."

"मंग?"

सुनंदाला आता रडू फुटलं. इतके दिवस ती माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणाली, "मंग काय? हसली. म्हने, सांगन."

संगू, काल मी दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आलो. रिपोर्ट यायचा आहे. बारसं होईल तेव्हा सगळे जमतील, वस्ती, किनवट, सगळे, आणि मी बोलणार आहे, पण आता माझ्या बोलण्यावर मीच किती भरवसा ठेवावा? कुलगुरूंकडे अर्ज करायचे दिवस गेले. माफी मागायची तर ती देणारी तू नाहीस, आणि तू असतीस तर मी मागितली नसती, हेही मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात, पुढच्या सणाला, असं करत राहिलो असतो आणि तू पंधरा दिवसांनी वहिनीला विचारत राहिली असतीस.

या आठवड्यात तुझे पंधरा दिवस भरतात. या वेळी विचारलं असतंस, तर तिने हो म्हटलं असतं.